पडवीतली थंडी

(जुन्नर-आंबेगाव भागातील महिला मेळाव्यातलं भाषण)



आज थंडीविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा काय मेळाव्याचा विषय झाला? शेकोटी पेटवली, गोधडी ओढली की झालं. पण घरात गोधड्या किती आणि कोण कुठं झोपतं, हे एकदा मोजून बघा. जाड ब्लँकेट नातवंडांना, आतली खोली मुलाला-सुनेला. म्हातारी पडवीत, शेरडांशेजारी, विरलेल्या वाकळेवर. विचारलं तर तीच म्हणते, "मला कुठं थंडी वाजते, बाई!"

हे थोडं खरंही असतं, आणि धोका तिथंच आहे. वय वाढलं की थंडीची जाणीव बोथट होते. अंगातली उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की माणूस सुस्त होतो, अडखळत बोलतो, बरळतो. आपण म्हणतो, म्हातारीला भ्रम झाला. गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यातून हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊ शकतो. घरचे सांगतात, वय झालं होतं.

आणखी एक गोष्ट बायका कुजबुजत सांगतात. दिवस मावळला की म्हाताऱ्या पाणी पिणं सोडतात. रात्री लघवीला बाहेर जावं लागेल, बाहेर काळोख आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांना निवारा मिळाला. आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांना घरालगत साधा आडोसा नाही. पाणी तोडलं की लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर. अंधारात पडली की खुबा मोडतो.

सुनेला दोष द्यायला मी उभी नाही. वीज रात्रीची असली की कांद्याला पाणी द्यायला तीही त्याच थंडीत वाफ्यात उभी असते. प्रश्न घरातल्या वाटपाचा आहे. श्रावणबाळ योजनेचे २०२३ साली महिना १५०० रुपये झाले. त्यातून म्हातारीच्या अंगावर एक स्वेटर, पायात मोजे आले का? की पैसे दुकानदाराच्या उधारीत गेले?

एक मात्र करू नका. निखाऱ्यांची शेगडी घेऊन, दार-खिडकी लावून झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेलं माणूस उठत नाही.

आज घरी गेल्यावर सासूच्या, आईच्या पदराखाली पोटाला हात लावा. पोट गार लागलं तर तिला आत घ्या, कोरडे कपडे घाला, डोक्याला गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गोड, कोमट चहा पाजा. दारू देऊ नका, अंग जोरात चोळू नका. बरळत असेल, उठवून उठत नसेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.