रानमोडीचा अर्क आणि मुळाचा भाव



चार इयत्ता शिकलेला युनियनवाला वनस्पतीवर काय बोलणार, असे काहींच्या मनात असेल. पण पाला तोडणाऱ्या बायांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला आणि हे झुडूप मला शिकावे लागले.

रान मोडते ती रानमोडी. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात शिरली. तिचे बी वाऱ्यावर उडते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि वाळली की वणव्याला आयते सरपण! तरीही पानांचा रस जखमेवर पिळण्याची रीत आहे. व्हिएतनाममध्ये तर भाजलेल्या जखमांवर तिचा अर्क वापरला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्यातल्या फिनॉलिक द्रव्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवल्याचे दिसले. लोखंड गंजते, तेल खवट होते, त्याच जातीची ही क्रिया. तिला अडवणारे ते अँटिऑक्सिडंट.

काढण्याची रीत अवघड नाही. पाने सावलीत वाळवायची, भरडायची, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात भिजत ठेवायची, गाळायची. मग हवेचा दाब कमी करून मंद आचेवर अल्कोहोल उडवायचे. जास्त आच लागली तर द्रव्येच बिघडतात. पारख डोळ्यांना दिसते: डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकला की ते पिवळे पडते. पण नळीत रंग उडाला म्हणजे माणसाचा रोग गेला, असे नव्हे! शिवाय फुलांत आणि मुळांत यकृताला घातक अल्कलॉइडे असतात. घरी काढा करून पिऊ नका.

आता माझा विषय. चार-पाच किलो ओला पाला वाळून जेमतेम किलोभर उरतो. भाव सुक्याचा ठरला तर वाळवणीची घट बाईच्या माथी. आणि नुसत्या पाल्याला पैसे मिळणार असतील तर मूळ कोण उपटील? पोटासाठी राबणारी बाई पुढच्या वर्षीचे पीक जमिनीत राखीलच, आणि कारखानदारालाही तेच सोयीचे. रान मात्र मोडलेलेच राहील.

म्हणून आमचे म्हणणे असे: तोडणी फुलोऱ्याआधी व्हावी, म्हणजे बीही पडत नाही. काटा बायांसमोर लागावा, भाव ओल्या पाल्याचा असावा, आणि उपटलेल्या मुळाचे पैसे वेगळे मिळावेत. ते पैसे अर्क विकणाऱ्याने द्यावेत.