बोअर मारणं सोपं, पाणी टिकवणं अवघड
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



पाणी, स्वच्छता आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य असा विषय आयोजकांनी दिला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी सॉफ्टवेअरवाला, पाण्यातला तज्ज्ञ नाही. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही गावात बोअर मारला होता ना, तिथून सुरू करा." त्या बोअरची गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते, तरी तिथूनच सुरू करतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी रमजानमध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्ही सात-आठ मित्रांनी पैसे जमवले. मराठवाड्यातल्या आमच्या गावात, कब्रस्तानच्या रस्त्यावरच्या वस्तीत बोअर मारला आणि वर हापसा बसवला. सदका-ए-जारिया म्हणून आपापल्या आजी-आजोबांच्या नावांची संगमरवरी पाटी लावली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी 'माशाअल्लाह' लिहिलं. दोन वर्षांनी ईदला गेलो तेव्हा हापसा बंद होता, दांडाही कुणीतरी काढून नेला होता. पाटी मात्र शाबूत होती. समोरच्या खाला म्हणाल्या, "बेटा, नुसता वायसर गेला होता. पण सांगायचं कुणाला, हे तुम्ही सांगून गेला नाहीत."

खालांचं हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा माझा सगळा विषय त्यात आहे.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 2030 सालासाठी 17 शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. त्यातलं सहावं पाणी आणि स्वच्छतेचं. त्यात एक कलम सांगतं, विकसनशील देशांना आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि क्षमता वाढवायला मदत द्या. लगेच पुढचं कलम सांगतं, पाणी आणि स्वच्छतेच्या व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवा. ही दोन कलमं शेजारी-शेजारी का आहेत, हे मला आमच्या बंद हापशाजवळ उभं राहिल्यावर कळलं. 2022 च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे 220 कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचं पाणी मिळत नव्हतं आणि सुमारे 350 कोटी लोकांना सुरक्षित स्वच्छतेची सोय नव्हती. हे आकडे ऐकून आपण हळहळतो आणि वर्गणी काढतो. वर्गणी काढावीच. पण त्याआधी दोन गोष्टी ऐका. एक आपल्या महाराष्ट्राची, एक बांगलादेशची.

पहिली गोष्ट हापशाची. 1960 च्या दशकात दुष्काळ पडले, तेव्हा युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. बोअर झाले, त्यावर ओतीव लोखंडाचे पंप बसले. ते पंप मुळात युरोप-अमेरिकेतल्या शेतावरच्या एका कुटुंबासाठी बनवलेल्या पंपांची नक्कल होते. आपल्याकडे त्याच दांड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसायचं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश पंप बंद निघाले. म्हणजे खर्च झाला, बोअर झाला, आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीवर.

मग उत्तर कुठून आलं? जालना आणि सोलापूरहून. तिथे सेवाभावी कामातल्या लोकांनी आणि कारागिरांनी पोलादाचे मजबूत पंप बनवले होते. सोलापूरच्या पंपात दांडा एकाच ठिकाणी फिरायचा आणि साखळीने सळी सरळ वर ओढली जायची, त्यामुळे झीज कमी. युनिसेफ, भारत सरकार आणि भारतातले अभियंते यांनी तोच पाया धरला, तमिळनाडूत खोल बोअरवर चाचण्या घेतल्या आणि 'इंडिया मार्क टू' तयार झाला. 1979 मध्ये त्याचं भारतीय मानक आलं. आणि सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे त्याचं पेटंट घेतलं नाही. आराखडा खुला, कोणत्याही कारखान्याने बनवावा, पण मापं मानकाप्रमाणेच आणि तपासणी बाहेरच्या माणसाकडून. म्हणून एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसायचा. आम्ही संगणकवाले 'ओपन सोर्स' म्हणून मिरवतो, ते या लोकांनी लोखंडात करून दाखवलं होतं. पुढे हा पंप आफ्रिकेत गेला. युगांडात तर तो 'यू-टू' या नावाने तिथल्या देशाचा पंप झाला. मदत नेहमी गोऱ्या देशाकडून गरीब देशाकडे येते, असं आपण समजतो. इथे सोलापूर-जालन्याचं डोकं जगभर गेलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्क टूची दुरुस्ती करायची तर जड लोखंडी पाइप वर काढावे लागत. त्यासाठी चार-सहा माणसं, अवजारं आणि गाडी लागे. बाई एकटी ते करू शकत नव्हती. म्हणून मार्क थ्री आला, ज्यात मोठ्या पाइपातून आतला दट्ट्या वरच्या वर काढता येतो. आफ्रिकेत आणखी एक अडचण निघाली. काही भागांत भूजल आम्लधर्मी होतं, त्यात गॅल्वनाइज्ड पाइप गंजायचे आणि पाणी लाल यायचं. पंप तोच, पण जमीन वेगळी. 2009 च्या सुमाराच्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जवळपास एक तृतीयांश हातपंप बंद होते. त्यातल्या कितींवर कुणाच्या नावाच्या पाट्या असतील, याचा विचार करा. आज मोबाइलवर जाहिरात येते, इतके पैसे द्या, आफ्रिकेत तुमच्या नावाने विहीर. द्यायला हरकत नाही. पण एक प्रश्न विचारा: तिसऱ्या वर्षी वायसर कोण बदलणार?

आता दुसरी गोष्ट. ती जास्त कडू आहे.

बांगलादेशात तळ्या-नद्यांचं दूषित पाणी पिऊन लहान मुलं हगवणीने मरत. म्हणून 1970 च्या दशकापासून तिथलं सरकार आणि युनिसेफ यांनी नळकूप लावायला सुरुवात केली. लोकांना ते इतके आवडले की पुढे घरोघर स्वतःच्या खर्चाने लाखो नळकूप झाले. हेतू चांगला, काम मोठं, लोकांचा सहभागही होता. फक्त एक चाचणी कुणी केली नव्हती: पाण्यात आर्सेनिक आहे का?

ते होतं. हिमालयातून आलेल्या गाळात ते निसर्गतःच आहे. सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी 1983 मध्येच आर्सेनिकचे रुग्ण ओळखले होते. तळहातावर गाठी, अंगावर काळे डाग, पुढे कर्करोग. गाळ तोच, फक्त मध्ये सीमा. बांगलादेशात अधिकृतपणे आर्सेनिक सापडायला 1993 उजाडलं. तब्बल दहा वर्षं. त्या आधी 1992 मध्ये एका ब्रिटिश संस्थेने तिथल्या भूजलाचा अभ्यास केला होता, पण आर्सेनिक तपासलंच नव्हतं. आजारी गावकऱ्याने इंग्लंडमध्ये दावा लावला, तो 2006 मध्ये फेटाळला गेला. तुम्ही ज्याची चाचणी लिहीत नाही, तो दोष नसतो असं नाही. तो फक्त तुम्हाला दिसत नाही. आमच्या धंद्यात त्यामुळे वेबसाइट बंद पडते. तिथे पिढ्या आजारी पडल्या. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं.

नंतर चांगलं कामही झालं. सुमारे 50 लाख नळकूप तपासले गेले. धोकादायक ते लाल रंगवले, सुरक्षित ते हिरवे. सुमारे 29 टक्के लाल निघाले. सगळ्यात स्वस्त उपाय तिथेच होता: शेजाऱ्याच्या हिरव्या नळकूपावरून पाणी आणायचं. कुश्तियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम अमेरिकेत प्राध्यापक होते. त्यांनी लोखंड, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून घरगुती फिल्टर बनवला. त्याला 2007 मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. पण रंग उडाला, नवे नळकूप न तपासता होत राहिले. 2016 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने लिहिलं की अजून सुमारे दोन कोटी लोक ते पाणी पितात आणि सरकारी खोल नळकूप अनेकदा वजनदार माणसांच्या दारात जातात. हे वाचून मला बांगलादेश आठवत नाही, आपला तालुका आठवतो.

मित्रांनो, मैत्रिणींनो, यातून आपण काय घ्यायचं?

खालांच्या घरासमोर आम्ही परत गेलो. या वेळी आधी बसून ऐकलं. पाणी भरणाऱ्या पाच बायकांची समिती झाली, पुरुष त्यात नाहीत. घरटी महिन्याला थोडे पैसे जमतात, हिशेब भिंतीवर लिहिलेला असतो. गावातल्याच दोन मुलांना दुरुस्ती शिकवली, त्यातली एक मुलगी आहे. आणि पाण्याचा नमुना तपासायला दिला. फ्लोराइड मर्यादेत निघालं, पण जंतू निघाले. शौचालयाचा शोषखड्डा बोअरच्या जवळ होता. आपल्या खडकाच्या भेगांतून घाण लांबवर जाते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणजे पाणी आणि स्वच्छता हे दोन विषय नाहीतच. खड्डा हलवायला बोअरच्या निम्म्याहून जास्त खर्च आला. त्या खर्चाला वर्गणी मिळवताना घाम फुटला, कारण शोषखड्ड्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही.

तुमच्या गावात, मोहल्ल्यात, मदरशात, शाळेत बोअर असेल तर एक काम करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत, तिथे नमुना द्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे असाल तर फ्लोराइड विचाराच. निकाल लपवू नका, बोअरवर रंगवा, आणि दर वर्षी पुन्हा तपासा. शेजारच्या वस्तीचा बोअर चांगला असेल तर तिथून पाणी आणायला जात-धर्माची अडचण येते का, हेही तपासा. ती चाचणी प्रयोगशाळेत होत नाही.

देशांमधलं सहकार्यही शेवटी हेच आहे. आराखडा खुला ठेवायचा, सापडलेला दोष सीमेपलीकडे लगेच कळवायचा, आणि जो पाणी भरतो त्याच्या हातात पाना द्यायचा.

आमच्या हापशाला नवी पाटी लावली आहे. तिच्यावर आमची नावं नाहीत. बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा, तो नंबर आहे.