हजेरी अजून चालू आहे

सकाळी झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन इथे जमलेल्या माझ्या सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही चार हुतात्म्यांना वंदन केले; मीही करतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. मे १९३० मध्ये, देशाच्या सतरा वर्षे आधी, सोलापूरने तीन दिवस स्वातंत्र्य उपभोगले, हेही तिघांनी सांगितले. छाती फुगावी अशीच ही गोष्ट आहे. आपण ती नातवंडांना सांगतो, पाहुण्यांना सांगतो. पण त्याच वर्षी, याच गावात, काटेरी तारेच्या आत माणसे कोंडलेली होती. आपल्या गोष्टीत ती सेटलमेंट कधीच का येत नाही?

सेटलमेंट हा शब्द सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. रिक्षावाल्याला सांगा, तो नेऊन सोडतो. तिथे तार का होती, हे मात्र सांगावे लागते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा करायची गरजच ठेवली नाही. विशिष्ट जमातीत जन्म घेतला की पुरे. नाव पोलिसांच्या वहीत, ठरल्या वेळी हजेरी आणि परगावी जायचे तर पास. पुढे बोटांचे ठसे सरकारजमा झाले, वसाहती उभारल्या आणि पोरांना आईबापांपासून तोडायची सोयही कायद्यात करून ठेवली. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. त्या मधल्या काळात आपण राज्यघटना लिहिली, प्रजासत्ताक झालो, पहिली निवडणूक घेतली. आणि देशात कुठे ना कुठे कोणीतरी उठून हजेरी देतच होता.

तुम्ही म्हणाल, अध्यक्ष जुनी मढी उकरतायत. बरे, ताजे बोलू.

ज्यांच्यावर फिरस्तेपणाचा ठपका ठेवून त्यांना डांबले, त्यांच्या नातवाला आज विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातीचा दाखला हवा असेल, तर कचेरीत काय मागतात? २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी तुमचे घराणे कुठे राहत होते, त्याचा पुरावा. पालात जन्मलेल्या आजोबांनी कुठल्या सातबाऱ्यावर नाव लावून ठेवायचे होते? आणि जुना कायदा देशभरातून गेला, तरी सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. तो जमातीवर नाही, माणसावर आहे, असे म्हणतात. कागदावर खरे आहे. पण गावात घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवून कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना पुसायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. सालाकडे नीट बघा.

आता सरकारला शिव्या घालणे थांबवतो, कारण तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. ही साहित्यसभा आहे. आरोपी आपण आहोत, आणि पहिला मी.

मी अठरा वर्षे एका दैनिकात उपसंपादक होतो. एका सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. त्यांनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक होता त्यांच्या मुलीचा जातीचा दाखला. दुसरे होते आदल्या दिवशीच्या अंकाचे कात्रण: वृद्धेला गंडा, भामटे पसार. मथळा माझा होता. त्यांनी दोन्ही कागदांवर एकाच शब्दाखाली बोट ठेवले आणि विचारले, ‘साहेब, वर्गात पोरीने कुठला अर्थ सांगायचा?’

भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. राजपूत भामटाही त्याच यादीत आहे. बेरडही आहेत, आणि निगरगट्ट माणसाला आपण बेरड म्हणतो. मी सारवासारव केली. म्हणालो, अहो, मथळ्यात जागा कमी असते, फसवणूक करणारा हे बसत नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘चोर दोन अक्षरांत बसतो.’

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही.

आपले भाषापंडित म्हणतात, शब्दांचे अर्थ विस्तारतात, भाषा कोणाच्या बापाची नसते. मान्य. पण काही जातिवाचक शब्द आपण सरळ छापायचे बंद केलेच की! १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आला आणि लेखणी सभ्य झाली. मराठीचे त्यात काही वाटोळे झाले नाही. विमुक्त जातींना महाराष्ट्रात त्या कायद्याचे कवच नाही, म्हणून तेवढे शब्द राहिले. म्हणजे आपली सभ्यता कलम पाहून चालते. याच जमातींतल्या आत्मकथनांचे बघा: १९८१ मध्ये लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला आणि १९८८ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण सत्कार केले, परिसंवाद झडले, प्रबंध निघाले. आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात भामटे पुन्हा पसार झाले.

स्वातंत्र्याची व्याख्या माझ्याकडून अपेक्षित होती. माझी व्याख्या फार लहान आहे: आपण कोण, कुठून आलो, रात्री कुठे झोपलो, याचा हिशेब विनाकारण कोणाला द्यावा न लागणे. तारा निघाल्या. हजेरीची वही मात्र पोलिसांच्या हातून आपल्या हातात आली, आणि आपण ती रोज भरतो. बातमीत, विनोदात, म्हणीत, पोरांना भीती घालताना.

म्हणून समारोपाऐवजी मी ठराव मांडतो. या सभेचा प्रत्येक सभासद आजपासून कुठल्याही जमातीचे नाव दुर्गुणाला वापरणार नाही. शहरातल्या प्रत्येक संपादकाला सभेने तसे पत्र द्यावे. मसुदा मी लिहून आणला आहे. आणि बरोबर सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, आपली पुढची सभा सेटलमेंटमध्ये भरवावी. अध्यक्ष तिथलाच असावा. मी श्रोत्यांत बसेन.

ठरावाला अनुमोदन कोण देतो? हात वर करा.