पंचगंगा आणि आर्नो



 आधुनिक जीवनातील विश्वनागरिकत्व हा आपल्या परिषदेचा विषय. मी गुळाच्या बाजारात वाढलेला माणूस. तत्त्वचर्चा विद्वानांनी करावी. मी माझ्या गावाविषयी, कोल्हापूरविषयी बोलतो.

या गावाच्या एका राजाचे दहन इटलीत, फ्लॉरेन्स शहरात झाले. छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, पाहिले ते रोजनिशीत टिपत राहिले. ती रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस! त्या शहरात दहनाची रीत नव्हती. तरीही परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर आपल्या धर्माप्रमाणे महाराजांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा बसला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आमचा नवा राजवाडाही त्यांनीच रेखला. जवळचा मोठा पूल तिथले लोक आजही ‘त्या हिंदी माणसाच्या’ नावाने ओळखतात. आमच्या शाळांतल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? या राजाची रोजनिशी मराठीत घरोघर वाचली जावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे आणि ती मी या व्यासपीठावरून बोलून दाखवतो.

परक्या माणसाला शेवटचा निरोप त्याच्या रीतीने देऊ देणे, हे त्या शहराने केले. आमच्या गावानेही तसेच काही केले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सायबेरियात हाकलली गेलेली माणसे इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुले, शेजारच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. त्यांच्यातली काही माणसे इथल्याच मातीत विसावली. महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे. ती मंडळी गेली आणि फाळणीने घरदार गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी आले. आजची गांधीनगरची कापडपेठ त्यांच्या कष्टांतून उभी राहिली. आपल्यापैकी बरेच जण उद्या तिथे खरेदीला जातीलच!

आज आमच्या गडहिंग्लजचा मुलगा पासपोर्ट काढून जर्मनीत नोकरी करतो, याचा मला अभिमान आहे. पण याच शहरात खोली भाड्याने मागायला आलेल्या मुलाला आपण आधी आडनाव विचारतो, याची मला लाज वाटते. दोन दिवसांच्या चर्चेत विद्वानांनी या प्रश्नाला जागा द्यावी, ही माझी एकच विनंती.

आता व्यवस्थेविषयी. पावसाचे दिवस आहेत. निवासाची सोय तीन ठिकाणी करावी लागली, त्यामुळे ज्येष्ठ प्रतिनिधींना ये-जा पडते आहे. मागच्या रांगांना आवाज नीट पोचत नसल्याचे सकाळीच कानावर आले. जादा कर्णे मागवले आहेत. काल रात्री उशिरा पोचलेल्यांना गरम जेवण मिळाले नाही, याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. आज तांबडा-पांढरा आहे, शाकाहारी पंगत वेगळी आहे. कुणीही उपाशी उठू नये.

हे कार्य ज्यांच्यामुळे तडीस जाते आहे त्यांचे ऋण मोठे आहे. गूळ व्यापाऱ्यांनी न मागता थैली पुढे केली. मंगल कार्यालयाच्या मालकांनी ऐन हंगामातले भाडे सोडले. प्रतिनिधींच्या खांद्यावरच्या पिशव्या गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्यांनी दिल्या. तालमीतली पोरे पहाटेपासून स्टेशनवर उभी आहेत. आचारी आणि वाढपी, सफाई कामगार, मांडववाले, रिक्षावाले मामा, आणि नाव छापू नका असे बजावून पाकीट देऊन गेलेल्या एक आजी: सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारच्या चहानंतर टाउन हॉल म्युझियमकडे गाड्या सुटतील. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली, रोमन जगातून इथवर आलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. ती पाहिल्याशिवाय कोल्हापूर सोडू नये. वळिवड्याला येऊ इच्छिणाऱ्यांनी स्वागतकक्षात नावे द्यावीत. परिषदाध्यक्षांनी आता कार्याची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.