मुलांचा ताप आणि रक्ताचा आकडा
(आंजर्ले येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. मुलांना अंकगणित शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा आज बोलणार तेही एका आकड्याविषयीच.

अलीकडे आपल्या घरांतून एक रीत पडली आहे. मुलास ताप आला की दापोलीस नेऊन रक्त तपासून आणावयाचे आणि कागदावरील ‘सी. आर. पी.’चा आकडा मुंबईच्या नातलगांस फोनवर वाचून दाखवावयाचा. आकडा लहान असला की सारे निश्चिंत. मोठा असला की मागच्या आजारात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बाहेर निघतात. ही रीत आम्हांस मुळीच मान्य नाही.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हा पदार्थ प्रथम आढळला. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की यकृत हे प्रथिन तयार करू लागते. निरोगी मुलाच्या रक्तात ते लिटरला साधारणतः ५ ते १० मिलिग्रॅमच्या आत असते. जिवाणूंच्या मोठ्या आजारात १०० च्याही वर जाते. विषाणूंच्या तापात बहुधा कमी राहते. पण हा ‘बहुधा’ विसरू नये. इन्फ्लुएन्झात ते कधी कधी चढते, हिवतापात तर चांगलेच चढते, आणि हिवतापाचे औषध निराळे. म्हणजे दाह आहे एवढे आकडा सांगतो, आजाराचे नाव सांगत नाही.

जुन्या ई. एस. आर. तपासणीत तांबड्या पेशी उभ्या नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात हे पाहतात. अंगात रक्त कमी असले तरीही तो आकडा वाढतो, आणि ताप गेल्यावर कित्येक दिवस उतरत नाही.

परंतु खरी मेख वेळेची आहे. दाह सुरू झाल्यावर पहिल्या ६ ते १२ तासांत सी. आर. पी. फारसा चढलेला नसतो. शिखरास पोहोचावयास सुमारे ४८ तास लागतात. रात्री ताप भरला आणि सकाळी रक्त दिले, तर लहान आकड्याचा अर्थ काय घ्यावयाचा?

आमच्या आळीतील दोन वर्षांच्या एका मुलाचे श्रावणात असेच झाले. आकडा लहान आला म्हणून वडील परत निघाले होते. आजी मात्र हटून बसली. ‘पोर पाणी तोंडाला लावीत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, कागद काय बघता?’ असे ती म्हणाली. डॉक्टरांनी मुलास ठेवून घेतले. न्यूमोनिया निघाला, आणि दुसऱ्या दिवशी आकडाही कैक पटींनी चढला. मूल बरे झाले; आज अंगणात धावते आहे.

म्हणून आमची मातांना विनंती आहे. ताप कोणत्या दिवशी, किती वाजता आला, मूल किती प्याले, लघवी केव्हा झाली, हे लिहून तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. म्हणजे तपासणीचा अर्थ त्यांस नीट लावता येईल. मूल गुंगीत असेल, झटके येत असतील, धाप लागत असेल, तर आकड्याची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळास १०० अंशांवर ताप चढला, तर ते हसतेखेळते दिसले तरी त्याच घटकेस निघावे. पूर्वी हर्णैस जावयाचे तर तरीची वाट पाहावी लागे. आता खाडीवर पूल आहे, मध्यरात्रीही दापोली गाठता येते.