निधी पोडापर्यंत पोहोचावा म्हणून

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बेटे केवळ समुद्रातच असतात, असा आपला समज असतो. यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही; तरीही आपल्याकडे बेटे आहेत. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी या तालुक्यांतील कोलामांचे पोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. मुख्य गावापासून दूर, टेकडीच्या पायथ्याशी वीस-पंचवीस घरे, आणि मधे एक नाला. नाल्याला पूर आला की पोडाचा गावाशी संबंध तुटतो. पूर ओसरल्यावर तो पुन्हा जुळतो असे आपण समजतो. निधीच्या बाबतीत मात्र तो बारमाही तुटलेलाच असतो.

नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. एका गटग्रामपंचायतीच्या दप्तरात पोडासाठी हातपंप बसविल्याची नोंद होती. देयक अदा झाले होते, उपयोगिता प्रमाणपत्रही रीतसर जोडलेले होते. प्रत्यक्षात पंप मुख्य गावातील चावडीजवळ उभा होता आणि पोडावरच्या बाया झिऱ्याचे पाणी भरत होत्या. चौकशीत कोणी पैसे खाल्ल्याचे निष्पन्न झाले नाही. ज्या सभेत जागा ठरली, त्या सभेला पोडावरचे कोणी हजर नव्हते, एवढेच काय ते घडले होते.

ग्रामविकासाचा पैसा वरून खाली उतरण्याचा प्रवास फार जुना आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा पैसा आणि निर्णय दोन्ही सरकारी यंत्रणेच्या हाती होते. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने लोकनियुक्त पंचायत समितीवर भर दिला. महाराष्ट्राने थोडा निराळा मार्ग धरला. आपल्याच जिल्ह्यातील, पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हा परिषदेला बळ देण्याची शिफारस केली; 1961 चा अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये ग्रामपंचायतीला घटनेत स्थान दिले. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळात आपले ग्रामीण अनुदान थेट ग्रामपंचायतींनाच दिले. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात त्यातील 80 टक्के ग्रामपंचायतीचा ठरला. दिल्ली-मुंबईहून निघालेला पैसा ग्रामपंचायतीच्या बँक खात्यापर्यंत आला, हे काही थोडे नव्हे. राहिले ते खात्यापासून पोडापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर.

हे अंतर तोडण्याचे साधन कायद्यातच आहे. 1996 च्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजे आपण ज्याला पेसा म्हणतो त्याने, अनुसूचित क्षेत्रातील वस्ती किंवा पाडा हेसुद्धा स्वतंत्र गाव असू शकते आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असते, हे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राचे नियम 2014 साली आले. त्यांनुसार पोडातील मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवावयाचा आणि स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करावयाची. 2015 साली राज्य शासनाने आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. हा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा असतो.

एक साधा हिशेब पाहा. समजा, एका ग्रामपंचायतीत तीन गावे मिळून 1500 लोकवस्ती आहे व पोडाची 150. पोड घोषित नसेल तर त्याचे 150 लोक मुख्य गावाच्या बेरजेत जातात आणि तेथेच विरतात. पोड घोषित झाले की दहावा हिस्सा त्याच्या नावावर मांडावा लागतो. रक्कम फार मोठी नसेल. पण त्या रकमेतून झिऱ्याला कठडा बांधावा की अंगणवाडीला छप्पर घालावे, हे तेथील माणसे ठरवतील. आणखी एक तरतूद आपण बहुधा वाचीतच नाही. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावयाचे आहे. ही सभा पोडाची असती, तर मघाच्या हातपंपाचे प्रमाणपत्र मिळालेच नसते.

आपला जिल्हा अंशतःच अनुसूचित आहे, हे विसरून चालणार नाही. त्या सीमेबाहेरील पोडांना पेसाचा आधार नाही. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात कोलाम समाजाचा समावेश झाला आणि घर, रस्ता, नळाचे पाणी यांसाठी एक वाट उघडली. परंतु योजनेची मुदत संपते, अभियाने बदलतात. ग्रामपंचायत विकास आराखडा मात्र दरवर्षी करावाच लागतो. सीमेबाहेरच्या पोडाची कामे त्यात नावानिशी लिहिली गेली पाहिजेत. ‘गावअंतर्गत काम’ या शब्दांआड पोड हमखास हरवते.

शिक्षकांशी दोन शब्द. कोलामांची भाषा कोलामी. सभेचे इतिवृत्त मराठीत, आणि तेही आपल्या कचेरीच्या मराठीत. ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ अनुदान हे शब्द ऐकून पदवीधरही गोंधळतो. शाळेत कोलामी मुले असतील, तर त्यांच्या घरची भाषा जाणणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो. इतिवृत्त सह्या घेण्यापूर्वी त्याच्याकडून वाचून घ्यावे. आंगठा नंतर. महिलांची सभा आधी घेण्याचा नियम आहे. ती पोडावरच, मजुरीहून परतल्यावर सायंकाळी घ्यावी. दुपारी अकराच्या सभेला कापूस वेचणारी बाई येणार कशी?

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, ज्यांना आपण सवयीने अजूनही ग्रामसेवकच म्हणतो, कामाचा किती भार असतो ते मी जाणतो. एकाकडे दोन-दोन ग्रामपंचायती, शिवाय संगणकावरील नोंदी. तरीही एक विनंती करतो. येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत आपल्या हद्दीतील प्रत्येक पोडाचे नाव स्वतंत्र लिहा आणि एक प्रत पोडावर जाऊन लावा. दुपारच्या सत्रात पोड घोषित करण्याच्या ठरावाचा मसुदा आपण मिळून तयार करणार आहोत. आपापल्या पोडांच्या मतदारांची संख्या तेवढी सोबत आणावी.