सोवळ्यातील यंत्र

क्वांटम संगणक म्हणजे काय, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास आता स्थूलमानाने ठाऊक आहे. तेव्हा आकाशवाणीने मोजून दिलेली मिनिटे मी त्या व्याख्येत दवडणार नाही. मला बोलावयाचे आहे ते हे यंत्र चालते ठेवणाऱ्या हातांविषयी. कारण या शास्त्राची जी वाहवा होते, ती सारी समीकरणांच्या वाट्यास जाते, आणि पाना, सोल्डरिंगची कांडी व हेलियमची गळती यांच्या संगतीत ज्यांचा दिवस मावळतो, त्या आम्हा प्रयोगकर्त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

ग्वाल्हेरीस लष्कर भागातील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना आजीचे सोवळे आठवत असेल. सोवळ्याच्या नावाखाली समाजात जो अन्याय झाला, त्याचे समर्थन मी करीत नाही. मी स्वयंपाकघरापुरते बोलतो आहे. आजीची अडचण अशी, की तिला कोणी शिवता कामा नये, आणि तरीही घरातील यच्चयावत माणसांना वाढावयाचे तिनेच! क्यूबिटची, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीच्या मूळ घटकाची, अडचण हुबेहूब हीच. उष्णतेचा वा भटक्या विद्युत्लहरींचा यत्किंचित स्पर्श होताच त्याची अवस्था विटाळते. परंतु संपर्कच नको म्हणून त्यास कोंडून ठेवावे, तर त्याच्याकडून गणित करवून घ्यावे कसे? म्हणून ओसरी, माजघर असे उंबरठे ओलांडीत जसे आजीपर्यंत जावे लागे, तशी क्यूबिटची तार शीतयंत्राचे मजले उतरत जाते : 50 केल्व्हिन, 4 केल्व्हिन, आणि अखेरीस निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा सुमारे शंभरावा भाग, म्हणजे अंतराळाहूनही शेकडो पटींनी थंड. प्रत्येक उंबरठ्यावर ॲटेन्युएटर नावाचा, नकोशा लहरी क्षीण करणारा द्वारपाल तिला पाय धुतल्यावाचून पुढे सोडीत नाही. आणि इतके करून शेवटी ती तार क्यूबिटला शिवत नाहीच. आजी वरून वाढी, तसा संदेश मधल्या फटीतून वरून वाढला जातो. एवढ्या सायासाने राखलेले सोवळे टिकते किती, तर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास!

आता हे उंबरठे कोणी बांधावयाचे? हातांनीच. एक जोड सैल राहिला, तर सारे यंत्र पुन्हा उबदार करून, उघडून, जोड आवळून, परत थंड करावे लागते, आणि त्यात दिवसच्या दिवस जातात. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक आर. विजयराघवन यांची प्रयोगशाळा हेच काम करते. 2024 साली तेथे, पुण्याची डी.आर.डी.ओ.ची प्रयोगशाळा व टी.सी.एस. यांच्या सहकार्याने, 6 क्यूबिटांच्या संगणकाची अथपासून इतिपर्यंत चाचणी झाली. सहाच का, असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की सहा सोवळी एकाच चुलीपाशी, एकमेकांना नको तेव्हा न शिवता आणि हवे तेव्हाच शिवून, राखून पाहा! विजयराघवन यांनी येल विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, ते मिशेल देवोरे 2025 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले, तेही 1984-85 च्या सुमारास हातांनी केलेल्या प्रयोगांसाठी. पुन्हा सांगतो, हातांनी.

यंत्राखेरीज जाळ्याविषयी, म्हणजे क्वांटम संदेशवहनाविषयी, सविस्तर बोलण्याचा मानस होता. परंतु घड्याळ समोरच आहे. तेथे विटाळ हाच उपकारक ठरतो, एवढे ध्यानी असू द्यावे : संदेश वाहणाऱ्या प्रकाशकणास मार्गात कोणी शिवले, तर पलीकडे ते कळल्यावाचून राहत नाही. 2022 साली प्रयागराज ते विंध्याचल असा 100 किलोमीटरांहून लांबचा क्वांटम दुवा आय.आय.टी. दिल्ली व डी.आर.डी.ओ. यांनी साध्या व्यापारी काचतंतूवर साधला. एवढ्या अंतरात 100 प्रकाशकणांपैकी जेमतेम एक पोहोचतो, आणि त्याची नक्कल काढून बळ देण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

या साऱ्या कामांसाठी सरकारने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. पैशाने शीतयंत्र येते, हात येत नाहीत. आणि ते तयार होण्याच्या वयात आपण मुलांना गुणपत्रिकेखेरीज कशाला शिवू देत नाही, ही माझी आपल्याविरुद्ध फिर्याद आहे. तेव्हा ग्वाल्हेरकर आईबापांनो, घरातील मुलगी बिघडलेला रेडिओ उघडून बसली, तर तिच्यावर रागावू नका; तिला एक चांगला पाना आणून द्या.